उपरण्याच्या गाठीतली माती

आबा, तुम्ही विसरला असाल. जिवंत होतात तेव्हाही माझं वय आणि माझ्या सासरचा रस्ता तुमच्या लक्षात राहत नव्हता, आता तर तुम्हाला हक्काची सबब मिळाली आहे. म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमची थोरली, जिची जीभ तुम्ही वापरलीत. अक्षर मला अजून येत नाही. मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. ती मातीचं शिकली, नाशिककडे एका द्राक्षाच्या मळ्यात कामाला असते, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायची म्हणून बऱ्हाणपूरला आली आहे. ती हसते आहे. हसणं लिहू नको म्हटलं, तरी लिहिलंच असेल.

काल तिनं पिशवीतून एक काळी बाटली काढली. लाल वाइन, तिच्या मळ्यातली सगळ्यात चांगली. मी म्हटलं, "उद्या तुझ्या पणजोबांची घागर भरायची आणि आज घरात दारू?" तर म्हणते, "आजी, बस एक घूँट. दवा समझ के ले ले." दवा म्हणून मी एरंडेलही प्यायले आहे. तळहातावर घेतली, तीर्थासारखी. आधी आंबट लागली, मग जांभळासारखी जीभ ओढली. गिळल्यावर मात्र मागून एक चव आली आणि हात तसाच राहिला. भावाच्या पाटीवरची पेन्सिल. तुम्ही त्याला शाळेत घातलंत आणि मी त्याची पेन्सिल चाटायची, शाळेतलं माझ्या वाट्याला तेवढंच आलं. मी म्हटलं, "वर लाल मुरूम आहे, पाणी थांबत नाही. हातभर खाली पांढरी चुनखडी." पोरीनं मोबाइलवर त्या शेतात खणलेल्या खड्ड्याचा फोटो शोधून दाखवला. वर लाल, खाली पांढरी.

"आजी, असं होत नाही," ती म्हणाली. "माती चवीत उतरत नाही, आम्हाला तसंच शिकवतात. मुळांना किती तहान लागली, ते उतरतं." मग तहानेची चव असेल, ती मला चांगली ओळखू येते. तिनं हेही सांगितलं की आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत ही वाइन व्हायची नाही. तिथं वेल माजतो, पानंच पानं येतात, फळ पाणचट होतं. उपाशी जमिनीत मणी बारीक धरतात, साल जाड होते, रंग गडद येतो. आणि मालक लांबून माणसं बोलावतो, ती वाइन नुसती चाखून कशी आहे ते सांगतात, आणि त्यांची नावं छापून येतात. आबा, एवढा वेळ मी मजेत होते. नावं म्हटल्यावर तोंड कडू झालं, ते अजून आहे.

मी नऊ वर्षांची आहे. माती खाते म्हणून आई मला ओट्याच्या खांबाला बांधते आणि तुम्ही सोडवता. तुमच्या उपरण्याच्या दोन टोकांना दोन गाठी, दोन शेतांची माती. गोठ्यामागं नेऊन विचारता, "ही कशी? अन् ही?" मी सांगते, ही गोड, हिच्यात केळी होतील, ही खारी. दुपारी तुम्ही लोकांपुढं तीच माती जिभेवर ठेवता, डोळे मिटता, थुंकता आणि माझेच शब्द बोलता. असीरगढपर्यंतचे शेतकरी तुम्हाला बोलवायला येत. मी शाळेचं विचारलं तेव्हा म्हणालात, "तुला अक्षरं कशाला? तुला माती वाचता येते." किती वर्षं मी त्या वाक्यावर खूश होते. गोड बोलून दार कसं लावतात, ते तुमच्याकडून शिकावं.

मग तो दिवस. तुम्ही दोन गाठींची गल्लत केलीत आणि चारचौघांत चांगल्या शेताला खारं म्हणालात. मी बांधावरून म्हटलं, "आबा, ती नाही, दुसरी." लोक हसले. घरी आल्यावर तुम्ही मारलं नाहीत. नुसतं म्हणालात, "जीभ फार चालते तुझी. चुलीपुढं चालव." त्यानंतर महिनाभरानं पुन्हा गाठ घेऊन आलात. यावेळी शेत आपल्यासाठी घ्यायचं होतं, चांदनी गावाच्या बाजूचं. मी चाखली. वरून काळीभोर, पण आत खार, जिभेला टोचणारा. तुम्ही विचारलंत, "कशी?"

मी म्हटलं, "गोड."

आईच्या पाटल्या मोडून तुम्ही ते शेत घेतलंत. पाटल्यांचं मला ठाऊक नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात केळीची पानं कडेनं जळत गेली, घड अंगठ्याएवढे राहिले. तुम्ही बांधावर उभे, मी पाण्याची कळशी घेऊन मागं. लोक विचारत होते. तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलंत आणि त्यांना म्हणालात, "माझी जीभ गेली." त्यानंतर उपरण्याला गाठ दिसली नाही. मीही पुन्हा माती तोंडात घातली नाही, सहा मुलांच्या डोहाळ्यांतही नाही. आणि आई शेवटपर्यंत काचेच्या बांगड्यांवर राहिली.

एवढी वर्षं मी मनात तुमच्याशी भांडते आहे की तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाहीत. पण त्या दिवशीही घेतलं नाहीत. मला वाचवलंत, की पोरीच्या जिभेवर जगलो हे सांगायची लाज वाटली, ते मला आजही कळत नाही. कळलं असतं तर एकतर भांडण मिटलं असतं, नाहीतर नीट तरी भांडता आलं असतं.

नातीचं लिहिणं थांबलं आहे. तिला आजवर वाटत होतं, आजी गरीब गाय आहे. लिही गं. आबा, आज पानावर मांडे आहेत, आमरस आहे. केळं ठेवलेलं नाही, दरवर्षीच ठेवत नाही. का ते आता तुम्हाला कळलं. हे पत्र घागरीखाली ठेवायचं म्हणत होते, पण पाणी सांडून शाई फुटेल म्हणून गव्हाच्या कोठीतच राहू दे.

आणि पोरी, तू. बाटली परत ने. माघात तोडणी लागली की त्या मुरमातल्या वेलाचा एक घड मला पाठव. धुऊ नको.