चौदा पावलं

प्रिय मोजणीदार,

तुझं पत्र पोचलं. अक्षर नेहमीसारखंच, तारेवर सारख्या अंतराने बसलेल्या पक्ष्यांसारखं. निवृत्तीबद्दल तुझं अभिनंदन करू की वहिनींचं सांत्वन, ते अजून ठरत नाही. दिवसभर तू घरात असणार म्हणजे खरी तपश्चर्या त्यांची. निरोपाच्या पुस्तिकेसाठी ‘सुरय पक्ष्याचं चित्र कसं घडलं’ यावर एक पान लिही, असा तुझा हुकूम आहे, आणि वर ‘संस्कृत जरा कमी पाज’ अशी तंबी. शाळेत एका बाकावर बसून तू विभक्ती मोजायचास आणि मी मास्तरांचं नाक काढायचो. तेव्हा पाजणार तरी किती? तर ते पान लिहायला बसलो आणि त्याचं हे पत्र झालं. छापायचं की नाही ते शेवटपर्यंत वाचून ठरव.

लोकांना वाटतं, आम्ही जंगलात जातो, प्राणी अदबीने समोर उभा राहतो आणि चित्र होतं. दहा दिवस चिखल तुडवावा तेव्हा दोन दिवस काहीतरी दिसतं आणि त्यातून कामाची एक रेघ मिळते, हे तुला काय सांगायचं! जागेवर मी रंग लावत नाही. ऊन सरकलं की रंगही सरकतो. म्हणून वहीत पेन्सिलीने आकार आणि शेजारी शब्दांत रंग: ‘पाठ, भिजल्या पत्र्यासारखी करडी. चोच, अंड्याच्या बलकाची. पाय लाल, ओले झाले की विटकरी.’ कोपऱ्यात वेळ, उन्हाची दिशा आणि पक्ष्यापासूनचं अंतर, पावलांत. ही शेवटची सवय तुझी. ‘अंतर नसलेली नोंद म्हणजे गप्पा’ असं तू मला पहिल्याच दौऱ्यात सुनावलं होतंस. मग घरी येऊन ती पानं महिनाभर भिंतीवर टाचायची, जाता-येता बघायची, पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर पक्षी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवायचा. सुरयाच्या चित्रात पक्षी चार दिवसांत झाला. वाळूला सहा आठवडे लागले. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते रंगवणार नाही, हे माझं ब्रीद. व्याख्यानांत मी ते हात वर करून सांगतो. लोक टाळ्या वाजवतात.

बारा वर्षांपूर्वीचं ते वाळूचं बेट आठवतं ना? आठवत असणारच, रोज आठवत असेल. सुरयांची ती वसाहत, वाळूत नुसत्या वाटीएवढ्या खळग्यात ठेवलेली अंडी. दुपारी वाळू तापली की पक्षी नदीत पोट भिजवून येतो, अंड्यांवर बसतो, त्याच्या पिसांतून पाणी ठिबकतं आणि अंडी निवतात. हे तू इतकं रंगवून सांगितलं होतंस की मला दुसरं काही काढायचंच नव्हतं. घरट्यांपासून साठ पावलांवर तू काठ्या रोवून पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्यास. त्या रेषेच्या आत फक्त तू जायचास, तेही घरटी-अंडी मोजण्यापुरता, ऊन चढायच्या आत.

त्या दिवशी मी उशिरा उठलो. होडी अर्धा तास उशिरा निघाली. ‘चित्रकारसाहेब,’ नावाडी म्हणाला, ‘सूर्यालाही निरोप धाडायचा होता की, थांब म्हणून.’ तुझी मोजणी लांबली, तू घाईघाईने परत आलास आणि तू नि नावाडी पलीकडच्या बेटाकडे गेलात. मी पक्ष्यांना दिसू नये म्हणून उभारलेल्या माझ्या कापडी लपणात, रेषेच्या बाहेर, एकटा.

साठ पावलांवरून पोटाची ओल दिसत नाही. दुर्बीण लावली तर वाळूवरची हवाच थरथरते. म्हणून मी लपण जरासं पुढे सरकवलं. मग आणखी जरासं. असं चार वेळा. तीन घरट्यांवरचे पक्षी उठले. पाच मिनिटांत बसतील असं मी स्वतःला सांगितलं. ते बसले नाहीत. ओरडत घिरट्या घालत राहिले. त्यांतला एक नदीवर गेला, पोट भिजवून आला, घरट्याच्या वर पाय सोडून तरंगत राहिला, थेंब उन्हात चमकले, आणि तो वळला. पुन्हा गेला, पुन्हा आला, पुन्हा वळला. मला सतरा रेखाटनं मिळाली. आयुष्यातली सगळ्यात चांगली. पक्षी समोर इतका वेळ का थांबतोय, हे माझ्या लक्षातच आलं नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. सहाव्या खेपेला लक्षात आलं होतं. मी पान उलटलं.

दीड तास. तुमची होडी दिसायच्या आत मी लपण मागे आणलं आणि वाळूवरच्या फरफटीच्या खुणा पायाने सारख्या केल्या. खुणा पुसायला तू मला कधी शिकवलं नव्हतंस. तेवढं माझं मलाच सुचलं.

पुढचं तुला पाठ आहे. आठवड्याभरात बाकी घरट्यांत पिल्लं आली, त्या तीन घरट्यांत आली नाहीत. तू नोंदवहीत लिहिलंस: कारण, मोजणीला झालेला उशीर, दोष मोजणीदाराचा. संध्याकाळी विश्रामगृहाच्या पायरीवर बसून म्हणालास, ‘माझ्यामुळे गेली रे. होडी उशिरा निघाली तेव्हाच मोजणी रद्द करायला हवी होती. तुझ्या चित्राचाही विचका झाला.’ उशिरा उठल्याचा दोषसुद्धा तू माझ्याकडे येऊ दिला नाहीस. आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ‘अरे, होतं असं. इतकं मनाला लावून नाही घ्यायचं.’

मी तुला माफ केलं, मोजणीदार. तू माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी बघितलंस आणि मी तुला उदार मनाने माफ केलं. दीड तासापेक्षा, पुसलेल्या वाळूपेक्षा, मला ही पायरी जास्त छळते.

चित्रात तो पक्षी अंड्यांवर बसला आहे. पंख थोडे उचललेले, पोटातून पाणी ठिबकतंय, खाली तीन अंडी ओली. तेवढंच मी पाहिलं नव्हतं. पक्षी खाली उतरलाच नाही. मी त्याला घरी, टेबलावर, चार दिवसांत उतरवला. त्या चित्राने मला नाव दिलं, आणि तुला काय दिलं? दर वर्षी नव्या मोजणीदारांची तुकडी आली की तू त्यांना बेटावर नेऊन तुझ्या अर्ध्या तासाची गोष्ट सांगतोस. एकदा मीही तिथे होतो. मुलं खाली माना घालून लिहून घेत होती. मी वाकून बुटाची नाडी बांधत होतो. त्या बुटाला नाडी नव्हती.

आता तुला वाटेल, या रंगाऱ्याचं मन बारा वर्षांनी जागं झालं. तसं काही नाही. मंगळवारी तुझी लेक माझ्याकडे आली होती. शनिवारच्या निरोप समारंभात तुला द्यायला त्या दौऱ्यातलं एखादं रेखाटन तिला चौकटीत बसवायचं होतं. तुझ्यासाठी ते गुपित आहे; आता राहिलं नाही, माझ्या वतीने तिची माफी माग. मी अगदी मोठेपणाने तिच्यापुढे वही टाकली. विसरलो की ही मुलगी आता मोजणीला जाते, आणि कोणाची आहे. तिने पक्षी पाहिलाच नाही, आधी कोपरा वाचला. ‘काका, हे चौदा म्हणजे?’ मी म्हणालो, पावलं. तिने एकेक करत सतराही पानं उलटली, पहिल्या पानावरची वेळ पाहिली, शेवटच्या पानावरची पाहिली आणि वही मिटली. मग म्हणाली, ‘बाबांना तुम्ही सांगताय की मी सांगू?’ पत्र लिहितो म्हणालो. ‘शनिवारच्या आत पोचलं पाहिजे,’ म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून गेली. तेव्हा हे पत्र मी आपणहून लिहिलेलं नाही, एवढं तरी खरं तुझ्या हातात असू दे. वही सोबत पाठवतोय. एकही पान फाडलेलं नाही. नोंदवहीतली ती ओळ दुरुस्त करायला ती लागेल. शनिवारी नवी मुलं समोर बसतील, तेव्हा तू ती गोष्ट सांगशीलच. सांग. फक्त त्यातला माणूस बदल, आणि माझं नाव घेऊन सांग. तू येऊ देणार असशील तर मी पहिल्या रांगेत बसतो.

तुझाच लिहिण्याइतका हक्क उरला असेल तर तुझाच,
रंगारी