लिंबोळीचा अर्क आणि सईची वांगी

३ नोव्हेंबर, पहाटे
धप् धप्, धप्. तंजावरला शाळेमागे कोणी लिंबोळ्या कुटायचं आणि मास्तर त्याच ठेक्यावर कविता म्हणवून घ्यायचे. आज झोपेत तोच आवाज. ठरलं मग. आमच्या हिनं, सईनं जपलेल्या बियांची ही शेवटची रोपं, डबी रिकामी. गच्चीतल्या वांग्यांवर पांढरी माशी बसलीय. सव्वीसला चंपाषष्ठी, सई गेल्यावरची पहिली. भरीत ह्याच वांग्यांचं होणार. दुकानातलं विष मारणार नाही. कडुनिंब पुरे.

५ नोव्हेंबर
लिंबोळ्या कुठे मिळायच्या? मांबलम स्टेशनजवळून तयार तेल आणलं. नात शरण्या म्हणाली, तात्ता, साबण घाला, नाहीतर तेल पाण्यात मिसळत नाही. साबण! तो धुण्याला, वांग्यांना नाही. अख्खं शार्दूलविक्रीडित संपेतो बाटली हलवली. मिसळलं.

६ नोव्हेंबर, दुपार
फवारलं. पहिल्या कुंड्यांना अगदी पाण्यासारखं हलकं मिळालं, शेवटच्या दोघींना दाट. ज्याचं त्याचं नशीब.

८ नोव्हेंबर
दाटवाल्या करपल्या. ऊन फार. बाकीच्यांवर माश्या आहेत, पण निरोप घ्यायला आल्यासारख्या.

१२ नोव्हेंबर
काल लसूण-मिरचीचा अर्क, मिक्सीत. आज सुनेनं, विद्यालक्ष्मीनं, त्याच मिक्सीत पायसमचा नारळ वाटला. मुलगा मालोजी नुसतं पाणी पीत राहिला. विद्यालक्ष्मीनं विचारलं, मामंजी, माशी तरी मेली का? म्हटलं, विचारात पडलीय.

१६ नोव्हेंबर
फवारलं. पाऊस. पुन्हा फवारलं. पुन्हा पाऊस. मुळांना तरी अर्क पोचला असेल.

१८ नोव्हेंबर
इमारतीच्या असोसिएशनचे शेषाद्री गच्चीवर आले. म्हणाले, मामा, तुमच्या माश्या माझ्या जास्वंदीवर राहायला आल्यात, भाडं कोण देणार? औषधवाला बोलावू, नाहीतर कुंड्या खाली. मी म्हटलं, शेतकी कॉलेजला अर्काबद्दल सविस्तर लिहिलंय, त्यांचा माणूस येतोच आहे. लिहिलंय हे खरं. ते हसले नाहीत. चांगलं लक्षण.

२३ नोव्हेंबर
एकच झाड उरलं. एकच वांगं. त्याला बारीक भोक आहे, हवेसाठी असावं.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
उद्या षष्ठी. भरीत केलं तर बी नाही. बी धरायचं तर वांगं झाडावर पिकायला हवं, आणि झाड तोवर टिकायला हवं. सई असती तर एका शब्दात सांगितलं असतं. शेषाद्रींना फोन केला. उद्या सकाळी औषधवाला पाठवा म्हटलं. तत्त्व सोडलेलं नाही, झाड आजारी आहे इतकंच. शरण्याला सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर, सकाळ
औषधवाला वर जाऊन मारून गेला. म्हणाला, दोन आठवडे हात लावू नका, तसंही आत अळी आहे, सार. सुनेनं बाजारच्या वांग्याचं भरीत केलं. चांगलं होतं, असं सगळे म्हणाले.
जिन्यात अजून औषधाचा वास होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक तरुण बाई, पावसात भिजलेली, हातात माझं पत्र. शेतकी कॉलेजातून आलेय, श्रीनिधी, म्हणाली. असं कोणी लिहीत नाही हो आता. आत यायच्या आधीच वही उघडली तिनं. पहिला प्रश्न: अर्कात साबण किती घालता?