दहा सेकंदांचा धागा

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतो आहे कोण जाणे, या वहीचीच समजा. ऑगस्टच्या शेवटी लिहिलं, त्यानंतर आज. मधल्या दिवसांत तारीख टाकायचो आणि खोडायचो. मागच्या पानावर तशा चार तारखा खोडलेल्या आहेत.

आज लिहितो, क्रमानं. नाहीतर माझंच मला समजणार नाही.

२९ ऑगस्टला अकोल्याला गेलो होतो, हबीबच्या हारांच्या दुकानावर. (पुढे नुसतं ह. लिहीन.) शेत मक्त्यानं दिलं नव्हतं तोवर चाळीस वर्षं माझा झेंडू, शेवंती त्याच्याकडेच जायची. गणपतीचे दिवस. मंडळाचा माणसाच्या उंचीचा हार तो दरवर्षी करतो, तोच ओवत होता. प्रशांतनं (मुलगा) उन्हाळ्यात मोबाइल घेऊन दिला, व्हिडिओ काढायला सुनेनं शिकवलं. म्हटलं काढू. दोन मिनिटांचा काढला. ह. धाग्याचं टोक ओठात धरतो, ओलं करतो, चष्म्याशिवाय एका झटक्यात सुईत घालतो. मग हसतो. मग फुलं ओवतो. शेवटी डब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून तयार हारांवर शिंपडतो. फुलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, वय सत्तर, चष्मा नाही, हात पाहा. पंधरावीस जणांचे अंगठे आले. मला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं.

आज कटिंगला गेलो. अर्धी झाली आणि न्हाव्यानं मोबाइल पुढे धरला. म्हणाला, काका, पाहा, अकोल्यात काय चालू आहे. दहा सेकंद. धागा ओठात, आणि लगेच हारांवर पाणी. मधलं सगळं कापलेलं. पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस फुलांवर थुंकतो. वर एक आवाज, हे हार तुमच्या देवाला जातात.

डाव्या कोपऱ्यात गुलाबी डाग आहे. तो माझा अंगठा. मोबाइल धरताना काचेवर येतो, सून नेहमी सांगते.

काही बोललो नाही. वस्तरा मानेवर होता म्हणून, असं स्वतःला सांगितलं. वस्तरा बाजूला ठेवल्यावरही बोललो नाही.

१३ सप्टें., शनिवार

पल्लवीला (सून) विचारलं, आवाज कोणाचा असेल. म्हणाली, कोणाचाच नाही बाबा, मशीनचा आहे. आपण लिहून द्यायचं, ते बोलतं.

पुन्हा ऐकला. शुद्ध मराठी. आमच्यासारखं अडखळत नाही, खोकत नाही, मधेच विसरत नाही. मी सातवी पास. मास्तर शुद्ध बोलायचे म्हणून मास्तरांचं खरं वाटायचं. लोकांचं तसंच होत असेल. पूर्वी अफवा पायी यायची, कोणाच्या तरी तोंडून यायची, त्याला विचारता यायचं की बाबा तुला कोणी सांगितलं. आता तोंडच नाही तर विचारायचं कोणाला.

बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना. पुन्हा घेतली नाही. दोनदा झाली तर वाईट.

१४ सप्टें., रविवार

ह.ला फोन केला. तीनदा लावून ठेवून दिला, चौथ्यांदा उचलेपर्यंत धरला. वाटलं शिव्या देईल. त्यानं आधी माझ्या गुडघ्याचं विचारलं.

मग म्हणाला, "महादेवभाऊ, तुमी काई केलं नाई, मले ठावं हाये. पन एक काम करा. त्या ग्रुपवर एकडाव सांगा का धागा आपन सारेच ओठात धरतो. मी सांगतलं तं कोनी आयकत नाई. तुमचं आयकतीन."

सांगतो म्हटलं.

"सांगजा मंग," म्हणाला. "दसऱ्याच्या आधी सांगजा."

दसऱ्यालाच फुलवाल्याचं वर्ष उभं राहतं किंवा बसतं. हे त्याला मला सांगायची गरज नव्हती.

१५ सप्टें., सोमवार

प्रशांतला सांगितलं. राजापेठेत, घराच्याच खाली, त्याचे क्लासेस आहेत, दहावी-बारावीचे. जेवता जेवता म्हणाला, "बाबा, तुमी काहून त्या भानगडीत पडता? पोरांचे मायबाप सारे त्याच मोबाइलवर असतात. आज तुमचं नाव, उद्या माझ्या क्लासचं बोर्ड."

मी म्हटलं, पण खरं काय ते आपल्याला माहीत आहे ना.

"खरं कोनाले पायजे बाबा," म्हणाला, आणि वरण मागितलं.

तो वाईट मुलगा नाही. माझं औषध तोच आणतो. हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या वाचताना मलाच तो वाईट वाटेल.

१७ सप्टें., बुधवार

ग्रुपवर लिहिलं. टाइप करायला अर्धा तास गेला. "हा व्हिडिओ मी काढला आहे. पूर्ण दोन मिनिटांचा आहे. धागा सगळेच ओला करतात." पाठवला.

एका मिनिटात एकाचं आलं, काका तुम्ही कोणाच्या बाजूनं? हा मोर्शीकडचा, त्याच्या बापाला हार ओवायला मी शिकवलं. दुसऱ्यानं नुसता तिरंगा टाकला. तिरंग्याला काय उत्तर द्यायचं? मी काय तिरंग्याच्या विरुद्ध आहे? दरवर्षी पंधरा ऑगस्टला शाळेच्या झेंड्याची फुलं माझ्या शेतातली जायची. तेव्हा नाही विचारलं कोणी बाजू कोणती.

मेसेज काढून टाकला. पण तो पूर्ण जात नाही. तिथे लिहिलेलं राहतं की हा मेसेज डिलीट केला आहे. सगळ्यांना दिसतं की म्हातारा काहीतरी बोलला आणि त्यानं गिळलं.

२० सप्टें., शनिवार

टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं एकदम ओरडत होती. आवाज बंद करून पाहिलं. आवाज बंद केला की ती फार घाबरलेली दिसतात.

खाली क्लासच्या मुली जिन्यात रील काढत होत्या. एकच हात फिरवणं दहादा केलं. मनासारखं झालं नाही की पुसून पुन्हा. ह.ला कोणी म्हटलं नाही की पुन्हा करा, या वेळी धागा पाण्यात बुडवा. त्याचं एकदाच निघालं.

त्याला फोन केला नाही. काय सांगू?

२२ सप्टें., सोमवार. घट बसले.

सकाळी अंबादेवीच्या देवळाकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हारवाल्या. एकीजवळ मुद्दाम उभा राहिलो. तिनं धागा ओठात धरला, ओला केला, सुईत घातला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, मोबाइलमध्ये पाहत. हार घेतला, कपाळाला लावला, गेलं.

मी पाहतो आहे हे तिच्या लक्षात आलं. "काय पायता आबाजी, पायजे का हार?"

घेतला. देवीला वाहिला. देवीनं आजवर असे किती घेतले असतील. तिची काही तक्रार ऐकली नाही.

२५ सप्टें., गुरुवार

ह.चा फोन परवापासून बंद. राहवलं नाही, सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो. प्रशांतला सांगितलं गुडघा दाखवायला जातो.

बडनेऱ्यापासून मुर्तिजापूरपर्यंत गाडीत प्रत्येकाचा मोबाइल मोठ्यानं चालू. मागे भजन, पुढे कोणाची तरी खिल्ली, बाजूला लढाऊ विमानं. एका गाडीत बसलो होतो, पण जो तो आपल्या वेगळ्याच देशात. पूर्वी एसटीत भांडणं व्हायची, खिडकीवरून. बरी होती ती भांडणं. समोरासमोर होती.

दुकान नाही. म्हणजे लाकडी फळी आहे, वरचं ताडपत्रीचं छप्पर आहे, माणूस नाही. शेजारी पुंडलिक नारळवाला, मला ओळखतो. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं:

"कोनी मारलं नाई भाऊ. शिव्याई नाई देल्या. फक्त कोनी आलंच नाई. तीन दिवस माल सडला, चवथ्या दिवशी त्यानं सारा नालीत टाकला न् निघून गेला. पोरीकडं, अंजनगावले."

मंडळानं देवीला या वर्षी प्लॅस्टिकच्या फुलांचा हार घेतला आहे. पुंडलिक म्हणाला, त्याले पानी नाई लागत न् धागाई नाई.

मी म्हटलं, तू काही बोलला नाहीस? तुझं दुकान तर खेटून.

त्यानं नारळाची शेंडी सोलणं थांबवलं नाही. "तुमी बोलले का?"

मग फळीखालून कागदाची पुडी काढली. म्हणाला, तुमी येनार असं हबीब म्हनत होता, त्यानंच हे देऊन ठेवलं. आत सुई. लांब, पितळी, नाकाशी थोडी वाकलेली. मीच त्याला दिली होती, पहिल्या वर्षी, माझ्या वडिलांची. त्याच सुईनं तो आजवर ओवत होता. व्हिडिओतही तीच आहे.

निरोप काही? नाही. चिठ्ठी? नाही.

येताना मुर्तिजापूरला चहा घेतला. अर्धा तसाच ठेवून गाडीत बसलो.

२८ सप्टें., रविवार

सुई समोर ठेवून बसतो. परत केली, म्हणजे आपलं संपलं? की सांभाळायला दिली? दसऱ्याच्या आधी सांगजा, म्हणाला होता.

पल्लवीनं पाहिलं. तिला सगळं सांगितलं, गुडघ्याचं खोटंसुद्धा. ती म्हणाली, "बाबा, लिहून कोणी वाचत नाही. तुम्ही स्वतः करून दाखवा. मी काढते." प्रशांतचं काय, म्हटलं. ती म्हणाली, त्याला मी पाहते.

भीती वाटते. माझेही दहा सेकंद कोणी कापले तर. मीही त्यात थुंकतानाच दिसेन. मी तर म्हातारा, माझं काय जातं, असं म्हणावं तर बरंच जातं. झोप जाते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

दरवर्षी आपट्याचं पहिलं सोनं घरच्या देवाला, दुसरं ह.ला. आज दुसरं खिशातच राहिलं.

सकाळी नऊला गच्चीवर पल्लवीनं व्हिडिओ काढला. अंगठा मधे न आणता. मी सांगितलं, मी महादेव, फुलमाळी. धागा ओठात धरला, ओला केला, वडिलांच्या सुईत घातला. तिसऱ्या खेपेला गेला. झेंडू ओवले. म्हटलं, आम्ही असंच शिकलो. हबीबभाईंचा व्हिडिओ मी काढला होता. तो दोन मिनिटांचा होता. कापला कोणी, मला माहीत नाही. पाणी डब्यातलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी सांगायला पाहिजे होतं, घाबरलो.

डोळ्यांत पाणी आलं तेवढं काढून टाक म्हटलं. पल्लवी म्हणाली, काही कापायचं नाही बाबा.

ग्रुपवर टाकला. ह.लाही पाठवला. त्या मेसेजपुढे एकच खूण दिसते, म्हणजे पोहोचलेला नाही.

३ ऑक्टो., शुक्रवार

मला ग्रुपमधून काढलं. शिव्या नाहीत, काही नाही. सकाळी पाहिलं तर तुम्ही आता सदस्य नाही. तिथल्या कितीतरी जणांच्या लग्नाचे हार माझ्या हातचे आहेत.

दोन पालकांचे फोन आले प्रशांतला. तो बाहेर जाऊन बोलला, पण खिडकी उघडी होती. म्हणाला, त्यायचं वय झालं, मनावर घेऊ नका.

बरोबर आहे. वय झालं. पण सुईत धागा मीच घातला.

४ ऑक्टो., शनिवार

न्हावी स्वतःहून म्हणाला, काका, तुमचा पण पाहिला. दाढीचे पैसे घेतले नाहीत. त्याचा अर्थ काय लावायचा? लोक आता बोलतच नाहीत, नुसत्या खुणा करतात.

६ ऑक्टो., सोमवार

ह.चा फोन बंदच. पुंडलिकाकडून फोनवर ह.च्या मुलीचा, शबानाचा, अंजनगावचा पत्ता घेतला. पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं. काउंटरवरच्या मुलीला ते शोधावं लागलं. आधी इथे कच्चं लिहितो:

हबीबभाई,
तुम्ही दसऱ्याच्या आधी म्हणाला होतात, मी दसऱ्याच्याच दिवशी बोललो. तोवर तुमचा माल नालीत गेला होता. उशीर झाला हे मला समजतं. व्हिडिओ पाठवला आहे, तुमचा मोबाइल चालू झाला की दिसेल. नाही पाहिला तरी चालेल.
सुई मिळाली. वडिलांची म्हणून परत केली, की माझ्याजवळ ठेवायला दिली, एवढंच मला समजत नाही. परत केली असेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही. ठेवायला दिली असेल तर मी ती घेऊन अंजनगावला येतो, गुडघा कसाही असो. या वर्षीचं सोनंही खिशात आहे, पान वाळलं आहे.
लिहायला त्रास होत असेल तर शबानाला सांगा, ती दोन ओळी लिहील. एक ओळ लिहिली तरी चालेल. पण लवकर कळवा. पोस्टमन इकडे अकराच्या सुमारास येतो, मी खालीच असतो.