कारंज्यातल्या कावेरीची ओटी

अव्वा, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

माझी तब्येत सुधारतेय, जेवण जातं.

धरण भरलं, म्हणून तुझ्या विहीणबाई काल मला कावेरीची ओटी भरायला कन्नंबाडीला घेऊन गेल्या. पण पाणी सोडल्यामुळे घाट बंद होता. सासूबाई कसल्या ऐकतात. धरणाखालच्या बागेत शिरल्या आणि बांगड्या, हळदकुंकू, तांदळासकट सूप सरळ कारंज्याच्या हौदात सोडलं.

राखणदार धावत आला. "अज्जी, हे कारंजं आहे, नदी नाही."

"मग हे पाणी काय तुझ्या घरून आणलंस?"

बिचाऱ्याने चपला काढून स्वतःही हात जोडले.

पोटातलं दुसरं बाळही गेल्यावर सासूबाई आता काय मागणार, हे मला ठाऊक होतं. मी मान खाली घातली. त्या पुटपुटल्या, "कावेरम्मा, या पोरीला शांत झोप लागू दे." एवढंच मागितलं त्यांनी.

तुझे गुडघे कसे आहेत? अप्पा वेळेवर जेवतात ना?

आज मला जाग आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. सडा सासूबाईंनीच घातला होता.

तुझी लेक,
सावंतरी