पाव्हण्याला घरी कोण पाठवणार

सर,

परवा कळमनुरीच्या बाजारात मी मेथीची जुडी बघत होते, तर एका अनोळखी माणसानं मला थांबवून विचारलं, "म्याडम, पाव्हण्याचा पुढचा भाग कवा येऊन राहिला?" मी म्हणाले, पुढचा भाग येणार नाही, गोष्ट संपली. तो म्हणाला, "आसं कसं संपल? नवा डायरेक्टर पाहा की." मी जुडी तिथंच ठेवली आणि घरी आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आता शाळेत शिकवते, तरी नवा डायरेक्टर हे दोन शब्द कानावर पडले की माझं डोकं उठतं. त्या माणसावर चिडून काय उपयोग? चिडायचं तर तुमच्यावरच चिडलं पाहिजे, म्हणून हे लिहायला बसले.

तुम्हाला काय हो, तुम्ही मजेत होता. डोंगरकड्याला आम्हाला विज्ञान शिकवायचं आणि दिवाळीची सुट्टी लागली की वारंगा फाट्यावरच्या स्टुडिओवाल्याचा लग्नाचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणायचा. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कॅमेराही रिकामा असायचा आणि तो चालवणारे स्टुडिओवाले काकाही. परग्रहावरून एक माणूस येतो, त्याचं यान आपल्या केळीच्या बागेत पडतं आणि त्याला घरी परत जायचं असतं, एवढीच आपल्या पाव्हण्याच्या सिनेमाची गोष्ट. त्या पहिल्या भागात पाव्हण्याला सगळ्यात आधी पाहणारी मुलगी मी. सातवीत होते, दोन वेण्या, हातात विळा. पाव्हणा झालेला तो उंच, किडकिडीत मेंढपाळ तुम्ही का निवडलात, हे तुम्ही कधी सांगितलं नाही. त्याला तुम्ही दाराला लावायचा चंदेरी रंग फासला होता आणि संध्याकाळी तो रॉकेलनं अंग पुसत बसायचा. यान म्हणजे तुमच्याच स्वयंपाकघरातलं काकूंचं इडलीपात्र, पितळी परात आणि लग्नाच्या मांडवाच्या माळा. गोवऱ्यांच्या धुरातून ते वर उठताना दिसलं, तेव्हा फाट्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलेल्या टीव्हीसमोर बसलेले लोक उभेच राहिले. पुढच्या वर्षी ते लांबलांबच्या गावांहून जीपा भरून आले.

मग दुसरा भाग, तिसरा, चौथा. दर वेळी पाव्हण्याचं घरी जाणं हुकायचं. कधी इंधन संपायचं, कधी शेळी वायर खायची, कधी पुरात यान वाहून जायचं, आणि चौथ्या भागात मी तापानं फणफणले म्हणून तो बिचारा थांबला. मधेच तुम्ही त्याच्या तोंडी गुरुत्वाकर्षणावर भलंमोठं व्याख्यान घालायचात आणि लोक ते ऐकूनही घ्यायचे, कारण पुढं काय होणार हे त्यांना हवं असायचं. पुढं काय होणार हे मलाही हवं होतं. एकदा शाळेच्या व्हरांड्यात मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही रागावलात. "जे आधी सांगून टाकतात ते शास्त्रज्ञ नसतात, ज्योतिषी असतात," म्हणालात. त्याच व्हरांड्यात पुढच्या पावसाळ्यात तुमच्या छातीत कळ आली, नांदेडला पोचेपर्यंत तुम्ही राहिला नाहीत, आणि पाचव्या भागात काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सर, एक शब्द तरी कुणाजवळ बोलायचा होता.

तुमच्या तेरवीच्या जेवणाच्या पत्रावळी उचलल्याही नव्हत्या. मी हात धुऊन येते आहे आणि स्टुडिओवाले काका मला गाठतात. "पोरी, तू हुशार हायेस, तूच सांग. डायरेक्टर म्हंजे कोण? क्यामेऱ्यामागं उभा ऱ्हातो त्यो. चारी भागात क्यामेऱ्यामागं कोण होतं?" त्यांना उत्तर द्यायच्या आत पाव्हणा येऊन उभा. "लोकं काय क्यामेरा पाहायला येतेत का? मला पाहायला येतेत." मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजात शिकत होते. माझा दोष एवढाच की मला दोघंही आपलं समजत होते. त्यानंतर मी गावी आले की एक जण सकाळी यायचा, एक संध्याकाळी. चहा दोघांनाही द्यावा लागायचा. आई म्हणायची, हे लग्नाचं बोलायला येतेत का पिच्चरचं? त्या वर्षी आपला हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला होता. तर काका म्हणाले, जिल्हा नवा, डायरेक्टरबी नवा पायजे. जणू मंत्रालयातूनच आदेश निघाला होता.

दोघांपैकी एकानं दुसऱ्याचं ऐकावं, हे होणं नव्हतं. म्हणून दोघांना चालेल असा तिसरा शोधला, म्हणजे दोघांनाही जो नको होता तो. नांदेडचा एक माणूस होता, भक्तिगीतांच्या व्हिडिओ कॅसेटी काढायचा, घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसायचा. त्यानं चारही भाग एका दुपारी पुढं पळवत पळवत पाहिले आणि म्हणाला, "देखो, कहानी में दम है, लेकिन हीरो नहीं है।" पाव्हण्याच्या जागी त्यानं गोरापान पोरगा आणला. केळीच्या बागेत नाच घातला. पाव्हण्याच्या बोटातून लाल किरण निघतो आणि दुष्ट सरपंच जळून जातो, असं कॉम्प्युटरवर करून आणलं. मी म्हणाले, सरांच्या पाव्हण्यानं कधी कुणाला चापटसुद्धा मारली नाही. तो म्हणाला, "बेटा, सर अब नहीं हैं।" हे त्यानं मला सांगायचं होतं का?

दिवाळीत फाट्यावर तो भाग दाखवला. लोक ओरडले असते, दगड मारले असते तरी चाललं असतं. ते नुसते एकेक करून उठले. पुढं बसलेली एक म्हातारी नातवाला म्हणाली, "आपला पाव्हणा कुठं हाय रे? ह्यो तं दुसराच हाय." आपला पाव्हणा तेव्हा सगळ्यात मागं, घोंगडं गुंडाळून बसला होता. तोही उठून गेला.

पुढं बरेच महिने कुणी विषय काढला नाही. तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि मग पुन्हा दोघंही एकाच दिवशी तुमच्या घरी आले. मी काकूंकडे चुलीपाशी बसले होते. काकू भाकरी थापत होत्या आणि हे दोघं उंबऱ्यात बसून तेच ते बोलत होते, कॅमेरा माझा, चेहरा माझा. काकूंना तुमच्या सिनेमाचा किती राग होता ते मी तुम्हाला सांगायला नको. इडलीपात्र गेल्यापासून त्यांनी इडली केली नव्हती. त्यांनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "मला एक सांगा. त्यो मानूस घरी काहून जात न्हाई?"

काका म्हणाले, "घरी गेला तं पिच्चर संपंल की, काकू."

"मंग संपू द्या. इतके सालं झाले, त्याच्या घरचे वाट पाहून राहिले असतील न? तुमच्या सरला मी हेच म्हनत होते. त्यायनं कधी आयकलं न्हाई."

आता लोक म्हणतात, काकूंना निवडायची युक्ती माझी होती. युक्ती कसली, सर? मी वैतागले होते. मला त्या दिवशीची शेवटची बस धरायची होती आणि ही दोन मोठी माणसं उंबरा सोडत नव्हती. मी म्हणाले, "मग काकू, तुम्हीच करा." मला वाटलं त्या हसतील. त्यांनी परातीतलं पीठ सारखं केलं, हात झटकले आणि म्हणाल्या, "करते. दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाकू."

गावानं काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. तुमचे धाकटे भाऊ मुद्दाम आले. विधवा बाईमाणूस, चार गड्यांत उभी राहून सिनेमा काढणार, लोक काय म्हणतील. काकू म्हणाल्या, "मी क्यामेऱ्याच्या समोर न्हाई, मागं उभी ऱ्हानार हाय. मागचं कुनाला दिसत न्हाई." स्टुडिओवाले काका रुसून तीन वेळा घरी गेले आणि तीन वेळा परत आले, कारण कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा त्यांना धीर नव्हता. पण खरी तकलीफ पाव्हण्याची होती. तो नाहीच म्हणाला.

मी आणि काकू त्याच्या वस्तीवर गेलो. मेंढ्या नुकत्याच आत घातल्या होत्या, त्याची बायको कोकराला धरून दूध पाजत होती. तो आमच्याकडे न बघता बोलला. "पयले मी बाजारात गेलो तं मला कुनी बस म्हनत न्हवतं. आता चारी दुकानातून हाका येतेत, पाव्हणे या, चहा घ्या. घरी गेलो तं मंग मी कोन?" हे मी कधी विचारातच घेतलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तुम्हीही घेतलं नसावं. काकू त्याच्या बायकोशेजारी खाली बसल्या. म्हणाल्या, "सर त्या दिवशी शाळेत निघाले तवा माझी पाठ होती त्यायच्याकडं. मी चुलीपाशी भाकरी थापून राहिले होते. जातो म्हनले. मी वळलेच न्हाई, रोजचंच म्हनून." मग कोकराच्या पाठीवरून हात फिरवत, "एक मानूस तरी मला दारात उभं ऱ्हाऊन पाठवायचाय. तुमी न्हाई आले तं दुसऱ्याला पाठवनं मला जमनार न्हाई." त्याची बायको म्हणाली, "येतेत ते. कवा यायचं तेवढं सांगा."

शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं रंगाचा डबा आणला. काकू म्हणाल्या, "रंग कशाला? इतके सालं हितं उन्हात ऱ्हाऊन राहिला, उडाला असंल आता." तो तसाच, त्याच्या धोतर-सदऱ्यात कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. मी तुमच्या बाजूनं खूप भांडले, सर. यान कसं दुरुस्त झालं, इंधन कुठून आलं, काहीतरी शास्त्र हवं की नको? काकू म्हणाल्या, "त्यो शिकलेला मानूस हाय, त्यानं केलं असंल दुरुस्त." तिथं तुमचं व्याख्यान संपलं.

शेवटचा प्रसंग त्यांनी तुमच्याच घरात घेतला. पाव्हणा निघतो आहे. गल्लीतल्या बायका त्याच्यासाठी दशम्या बांधून देतात, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. मी त्याच्या हातात दशम्या बांधलेलं फडकं देते. काकांनी त्याला बजावलं होतं की येतो म्हण, जातो म्हणणं बरं नाही. काकूंनी कॅमेऱ्यामागून सांगितलं, "न्हाई. जातो म्हना. तुमी जाऊन राहिले." तो जातो म्हणाला. मग तो केळीच्या बागेकडे चालत गेला आणि काका कॅमेरा घेऊन त्याच्या मागं धावणार, तर काकूंनी त्यांचा हात धरला. कॅमेरा दारातच राहिला, बायकांमध्ये. तो चालत चालत लहान झाला आणि पानांच्या आड गेला. यान दिसलं नाही, धूर नाही, माळा नाहीत. यानाला कायम इमान म्हणणारे काका वैतागून म्हणाले, "काकू, इमान न दाखवता पिच्चर कसा संपवता? लोकं आपल्याला धरून मारतील." काकूंनी विचारलं, "दारातून इमान दिसतंय का तुमाला?" काका म्हणाले, नाही. "मंग बायकायला तरी कसं दिसंल?"

फाट्यावर तो भाग दाखवला तेव्हा गडीमाणसं खरंच ओरडली, इमान कुठंय, इमान दाखवा. बायकांच्या बाजूला कुणी बोलत नव्हतं. पदर डोळ्यांना लागले होते. नंतर कित्येकींनी मला धरून विचारलं, पोचला असंल का गं त्यो? पाव्हण्याचं म्हणाल, तर त्याला हाका येणं काही थांबलं नाही. फक्त आता दुकानदार विचारतात, "पाव्हणे, तुमी तं घरी गेलते न? हितं काय करून राहिले?" तो म्हणतो, बाजाराला आलो. आणि बसून चहा घेतो.

त्या रात्री ट्रॉलीवरून टीव्ही उतरवत असताना काकूंनी मला विचारलं, "सरला आवडला असता का?" मी हो म्हणाले. मला ठाऊक नाही. तुम्ही यान दाखवलंच असतं, शेवटी काहीतरी बिघडवून त्याला परतही आणलं असतं, आणि आम्ही पुन्हा पुढच्या दिवाळीची वाट पाहिली असती. लोकांशी मी अजून तुमच्याच बाजूनं भांडते. सरांसारखं कुणाला जमणार नाही, असं परवा त्या मेथीपाशी उभ्या माणसालाही म्हणाले असते.

काकू आता नांदेडला लेकीकडे असतात. त्यांना हे दाखवायचं नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, तेव्हा लिहून टाकते. तुमचे चार भाग माझ्याकडे आहेत आणि ते मी कधी लावत नाही. काकूंचा लावते. मला तोच जास्त आवडतो, सर.