लॉक गेट दुरुस्तीला आहे

३ नोव्हेंबर
शुक्रवारी अण्णांना बोटीतून कालव्यावरचं जुनं लॉक गेट दाखवायचं. ठरलं म्हणजे ठरलं. वडिलांनी पाटबंधारे खात्यात जन्मभर कालव्याची दारं उघडली-मिटली, पण आत पाणी भरून बोट वर उचलणारं दार कधी पाहिलेलं नाही. पुण्याहून तोक्योला येताना एवढं एकच मागितलं. सोळाला परत जातील. सुलेखा म्हणाली, बुकिंग मी करते. म्हटलं, सुनेनं केलं तर मुलानं काय केलं?

४ नोव्हेंबर
मोरिता-सानांकडे रजा मागितली. वडिलांचं नाव काढताच साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मंजूर! दिवसभर आदर्श मुलगा असल्यासारखं वाटत होतं. बुकिंग उद्या.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
बुकिंगची साइट पूर्ण जपानी. मला जपानी येतं, घाईत येत नाही. तेवढ्यात उरायासुहून मित्राचा, चारुदत्तचा फोन. उद्या गोल्फ, एक जागा रिकामी. गोल्फ म्हणजे नेटवर्किंग, म्हणजे कामच. रजेच्या दिवशी काम करणारे किती असतात?
अण्णांना सांगितलं, गेट दुरुस्तीला काढलंय. ते म्हणाले, वेळेवर केलेली बरी, गेटशी खेळू नये. एक प्रश्न विचारला नाही. मी काय कारण शोधलं! तरी जेवण गेलं नाही.

७ नोव्हेंबर
चार बॉल तळ्यात. घरी आलो तर अण्णांनी बाथरूमचा गळका नळ दुरुस्त करून ठेवलेला. फार वाईट वाटलं.

९ नोव्हेंबर
मन खातंय. येत्या शनिवारी नेणारच. आधी बुकिंग, मग चहा.
चहा झाला. बुकिंग उद्या.

१२ नोव्हेंबर
घरी आलो तर अण्णा खुशीत. सुलेखानं ऑफिसातून अर्धा दिवस सुटी काढून त्यांना नेऊन आणलं. म्हणाले, सहा दिवसांत दुरुस्ती! आमच्याकडे तीन पावसाळे गेले असते. बोटवाल्याचं खास अभिनंदन केलं म्हणे. भाषांतर सुलेखानं केलं. काय केलंस, म्हणून स्वयंपाकघरात विचारलं. तिनं आमटी वाढली.
अण्णांनी माझ्या हातात बिस्किटांचा डबा ठेवला. इथं फिरून आल्यावर ऑफिसला खाऊ न्यायचा असतो, सुलेखाकडून कळलं. माझ्यासाठी घेतलेली तुझी रजा फुकट गेली, म्हणाले.
शनिवारी परत जाऊ, म्हटलं. म्हणाले, नको, तू दमतोस.

१७ नोव्हेंबर
काल अण्णा पुण्याला परत गेले. आज डबा ऑफिसात. मोरिता-सानांनी दोन्ही हातांनी बिस्किट घेतलं. त्यांचा जन्म तोक्योतला, पण लॉक गेट पाहिलेलं नाही. बोट वर येताना आत कसं वाटतं, म्हणाले. सगळ्यांनी खुर्च्या माझ्याकडे वळवल्या. एक मिनिटात आलो, म्हटलं.
बाहेर जाऊन अण्णांना मेसेज केला. त्यांनी सगळं सविस्तर लिहिलं: मागचं दार कसं मिटतं, पाणी कसं चढतं, भिंत कशी हळूहळू खाली जाते. शेवटी लिहिलं, तुला दाखवायचं राहून गेलं, त्याची फार चुटपुट लागली आहे.