सदाशिव नावाचं कोणी नव्हतं

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार लिहायला आज हात धजत नाही. सकाळी तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यात मी चक्क खोटं बोललो. हे तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

ओसाकातल्या आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये पाट मांडला होता. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. तुमचं नाव घेतलं, पाणी सोडलं. आजोबांचं घेतलं. "आता पणजोबांचं नाव घ्या," गुरुजी म्हणाले आणि मला ते ठाऊकच नव्हतं. तुमचे सख्खे आजोबा, बाबा! दर सर्वपित्री अमावस्येला तुम्ही त्यांचं नाव घेत होतात आणि मी शेजारच्या खोलीत कानात हेडफोन घालून बसलेला असायचो.

गुरुजी भले. म्हणाले, "माहीत नसेल तर तसं सांगा, त्यालाही सोय आहे." पण समोर मुग्धा होती, इरा होती. इतिहासाच्या प्राध्यापकाला स्वतःचे पणजोबा माहीत नाहीत? मी म्हणालो, "सदाशिव." आणि तिळाचं पाणी त्या कुठल्याशा सदाशिवाला गेलं.

"स्कॉटलंडच्या राजांचं तुला काय पडलंय रे?" असं तुम्ही नेहमी विचारायचात. मध्ययुगातल्या त्या राजांच्या वंशावळी मला तोंडपाठ आहेत. इंग्लंडचा राजा त्यांच्या देशावर हक्क सांगू लागला, तेव्हा तिथल्या धर्मपंडितांनी पोपपुढे आपलं मूळ थेट इजिप्तच्या राजकन्येपर्यंत नेऊन भिडवलं. वर्गात हे सांगताना मी दरवर्षी हसतो. अहो, पण त्यांचं राज्य जात होतं! माझं काय जात होतं? बायकोपुढे जराशी फजिती झाली असती, एवढंच ना?

शेवटच्या दिवाळीत तुम्ही फोनवर म्हणालात, "ती नावं एकदा ऐकून ठेव." मी म्हणालो, "मीटिंग आहे बाबा, नंतर." तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवलात. जरा रागवायचं तरी होतंत! आता तुमच्या पिढीतलं विचारायला कोणीच उरलेलं नाही.

जेवताना मुग्धा म्हणाली, "तुला पणजोबांचं नाव माहीत होतं? कधी बोलला नाहीस!" मी खीर ढवळत राहिलो. इरा एरवी माझ्याशी जपानीतच बोलते. ती बोटांवर मोजायला लागली, "इरा, अनिकेत, वसंत, दत्तात्रय, सदाशिव." मग म्हणाली, "बाबा, सदाशिव-सान कसे होते?"

"चांगले होते," मी म्हणालो. लाज वाटते हो, बाबा. फार लाज वाटते.

इरा खाली खेळायला गेलीय. ती वर आली की मुग्धासमोरच सांगणार आहे, सदाशिव मी रचला. गुरुजींनाही फोन करीन. पुन्हा पाणी सोडीन आणि पणजोबांच्या जागी खरं तेच म्हणेन, नाव मला माहीत नाही. तिथे तुमचे आजोबा तुम्हाला भेटलेच असतील. त्यांना एवढं सांगा, त्यांच्या वाटचं पाणी पुन्हा दुसऱ्या कोणाला जाणार नाही.

तुमचा,
अनिकेत